तपासून बघ

“हे राजेश्वरीनं वाचावं असं मला वाटतं,” हेरंब म्हणाला, आणि माझ्या तोंडातला भडंगाचा बकाणा तोंडातच राहिला.

रविवारची सकाळ होती. सांगलीत, विश्रामबागेतल्या केळुसकर सरांच्या घरी पडवीत आम्ही तिघं बसलो होतो. सर वेताच्या खुर्चीत, आणि त्यांच्या मांडीवर हेरंब आगाशेनं जर्मनीहून टाईप करून आणलेली पानं. सरांनी ती नुकतीच भराभर उलटली होती आणि तोंडभरून म्हणाले होते, “वा! हेरंबराव, वा!”

ते ‘वा’ ऐकलं आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. खोटं कशाला बोलू? मी काही संत सखू नाही.

“मी कशाला वाचू?” मी घास गिळून म्हटलं. “तू सिद्ध केलंस, सरांनी वा म्हटलं. आता मी काय दृष्ट काढू त्याची?”

“वाच गं तू,” सर म्हणाले. “पुढच्या महिन्यात ह्याचं व्याख्यान आहे. त्याआधी कुणीतरी वाचलेलं बरं.”

आतून काकूंनी विचारलं, “हेरंब, चहात साखर किती रे तुला हल्ली?” मी त्या घरी दर आठवड्याला जात होते. मला साखर किती लागते हे काकूंनी कधी विचारलं नव्हतं. मिळेल तो चहा मी पीत होते.

आता ही पानं कसली, ते सांगते. सरांनी तरुणपणी बीजगणितात एक अटकळ मांडली होती. गणितात अटकळ म्हणजे असं विधान, की जे खरं असणार असं पोटातून वाटतं, पण सिद्ध करता येत नाही. जगातल्या बऱ्याच लोकांनी तिच्यावर डोकं आपटून पाहिलं. मीही त्यातलीच. लग्न झालं, दोन मुलं झाली, गावातल्या कॉलेजातून विद्यापीठात आले, केस पिकले, पण स्वयंपाक करतानाही माझ्या डोक्यात ती अटकळच असायची. कितीदा तरी भात करपला तिच्यापायी. आणि हा आगाशे तिकडे बर्फात बसून ती सोडवून आला होता.

हेरंब आणि मी एकाच वर्षी सरांकडे पीएच.डी.ला लागलो. तो पुण्याचा, गोरागोमटा, गाणंबिणं म्हणणारा. मी सोलापूरची, पद्मशाली घरातली. वडील मागावर चादरी विणायचे. घरात भांडण तेलुगूत आणि टोमणे मराठीत, अशी आमची रीत. दर शनिवारी आम्ही आठवडाभराचं काम सरांना दाखवायचो. हेरंबची पानं सर उभ्याउभ्या उलटायचे, “वा, वा” म्हणायचे, की झालं, तो शीळ घालत सिनेमाला मोकळा. माझी पाळी आली की सर खुर्ची ओढून बसायचे. पेन्सिल काढायचे. कपाळाला आठ्या. ओळीखाली रेघ, समासात खूण, पुन्हा रेघ. आणि शेवटी माझ्याकडे न बघता दोन शब्द: “तपासून बघ.”

आठवड्यामागून आठवडे तेच. मी तपासायची, पुन्हा न्यायची, पुन्हा “तपासून बघ.” एकदा मी बायकांच्या खोलीत जाऊन हमसून हमसून रडले. बाहेर आले तर हेरंब दारात. म्हणाला, “काय झालं गं?” मी म्हटलं, “डोळ्यात खडू गेला.” सरांच्या तोंडून एक ‘वा’ ऐकायचा मी नाद धरला होता, आणि तो नाद पुढं डोक्याचे केस पांढरे झाले तरी सुटला नाही. ह्याला दर शनिवारी फुकट मिळायचं ते.

तर त्या वर्षी, सरांना पंच्याहत्तर पूर्ण झाली म्हणून, त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांनी आमच्या विद्यापीठात त्यांच्या नावाचं अध्यासन सुरू करायचं ठरवलं. अध्यासन म्हणजे मानाची प्राध्यापकाची जागा, शिकवणं कमी, संशोधन भरपूर, आणि दारावर पाटी: ‘केळुसकर प्राध्यापक’. अर्ज आले ते आम्हा दोघांचेच म्हणण्यासारखे. मला ती खुर्ची हवी होती. सरांची खरी विद्यार्थिनी कोण, हे त्या पाटीनं एकदाचं ठरणार होतं. आणि हा नेमका त्याच वेळी सरांचीच अटकळ सिद्ध करून गावात उतरला, वर म्हणतो कसा, राजेश्वरीनं वाचावं! मला वाटलं, खिजवायला आलाय. बघ बाई, तुला जमलं नाही ते कसं जमवलं, नीट डोळे भरून बघ.

पानं मी पिशवीत कोंबली आणि चहा अर्धा टाकून उठले.

*

घरी आले आणि वाचायला बसले. वाचन कसलं, चोराच्या मागावर पोलीस निघावा तसं ते वाचन. प्रत्येक ओळ मी पकडून विचारत होते, कुठून आलीस, कशी आलीस, कुणाच्या जिवावर आलीस. आणि सांगायला जिभेवर येत नाही, पण सांगते: ते फार सुंदर होतं. जिथं मी वर्षानुवर्षं भिंतीला धडका देत होते, तिथं ह्यानं बाजूनं जाऊन अलगद दार उघडलं होतं. हे मला का सुचलं नाही, असं दर पानाला वाटायचं, आणि दर पानाला मी आतून धुमसायची.

“जेवतेस का, की मीच भरवू?” अंबादास दारात येऊन विचारायचे. माझे यजमान, बँकेत होते. गणिताशी त्यांचा संबंध व्याजापुरता.

“तुम्ही जेवा.”

“त्या आगाश्याची पानं खाऊन पोट भरणार आहे का तुझं?”

“पोटच दुखतंय माझं,” मी म्हटलं.

“ते दिसतंय,” म्हणाले, आणि ताट झाकून ठेवून गेले.

आमच्या सरांनी आम्हाला एक गोष्ट पहिल्या दिवशीच शिकवली होती. गणिताच्या लेखात जिथं ‘उघड आहे की’ असं लिहिलेलं असतं, तिथं बोट ठेवायचं. हातच्या कांकणाला आरसा कशाला, असं म्हणून माणूस जिथून पुढं सरकतो, तिथंच बहुतेक कांकण नसतं. हेरंबच्या पानांत मी असं प्रत्येक ‘उघड आहे’ धरून बसले. एक उघड होतं. दुसरंही होतं. आणि मग सगळ्या सिद्धतेच्या पार मध्यावर, जिथं त्यानं समीकरणाच्या दोन्ही बाजूंकडून एकच पद खोडलं होतं, तिथं लिहिलं होतं, ‘उघड आहे की हे पद खोडता येते.’

मी तिथं बोट ठेवलं. काही केल्या ते बोट उचलता येईना.

बरेच दिवस गेले. पोरांच्या उत्तरपत्रिका तपासताना, भाजी निवडताना, बोट तिथंच. आणि एका संध्याकाळी, कणीक मळता मळता, मला एक उदाहरण सुचलं. लहानसं, पोस्टकार्डाच्या पाठीवर मावेल एवढं. त्यात ते पद खोडता येत नव्हतं. ते खोडलं नाही की पुढचा अख्खा डोलारा खाली. मी तशाच पिठाच्या हातांनी मांडून पाहिलं. मग हात धुऊन पुन्हा मांडलं. होतं, तसंच होतं.

त्या दिवशी मी शेंगापोळ्या केल्या.

“आज काय, सण आहे?” अंबादासनी विचारलं.

“आगाश्याची सिद्धता फुटली.”

“म्हणजे?”

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं. “हे बघा. घड्याळात बारा म्हणजे शून्य, बरोबर? बारा वाजले की पुन्हा पहिल्यापासून. आता तीन एके तीन. आणि तीन पंचे पंधरा, म्हणजे घड्याळात किती?”

“तीन वाजले.”

“मग तीन एके आणि तीन पंचे सारखेच झाले. आता दोन्हीकडचे तीन खोडा. काय उरलं?”

अंबादास पोळी हातात धरून विचार करत राहिले. “एक बरोबर पाच?”

“तेच केलंय त्यानं. जिथं खोडता येत नाही तिथं खोडलंय. अर्थात त्याचं प्रकरण ह्याहून पुष्कळ किचकट आहे, सहज दिसत नाही. जर्मनीतल्याही कुणाला दिसलं नाही. मला दिसलं!”

“मग फोन कर त्याला.”

मी पोळीवर तूप वाढलं. “व्याख्यानाला जाते ना मी. तिथंच विचारते.”

“सगळ्यांसमोर?”

“सगळ्यांसमोर.”

अंबादासनी हात जोडले. “बाई गं, तुझ्याशी वैर नको,” म्हणाले, आणि आणखी एक पोळी मागून घेतली.

*

आमच्या विभागात सरांनी घालून दिलेला एक नियम होता. व्याख्यान चालू असताना कुणीही, अगदी एम.एस्सी.च्या पोरानंही, हात वर करून ‘थांबा’ म्हटलं की बोलणाऱ्यानं थांबायचं, आणि शंका फिटल्याशिवाय पुढची ओळ लिहायची नाही. कित्येक पाहुणे ह्या नियमानं घायाळ होऊन गेले.

निवड समितीनं आम्हा दोघांची व्याख्यानं लागोपाठच्या दिवशी ठेवली होती. आदल्या दिवशी माझं झालं. झालं म्हणजे काय, सरांनीच मला पाच-पाच मिनिटाला थांबवलं. “हे कसं?” “ते कशावरून?” “मागची ओळ पुन्हा सांग.” मी सगळ्याची उत्तरं दिली, पण समितीचे अध्यक्ष रसायनशास्त्राचे. त्यांना काय कळणार? त्यांना एवढंच दिसलं की ह्या बाईंना त्यांचे स्वतःचे गुरूच पावलोपावली अडवतायत. चहाच्या वेळी ते मला म्हणाले, “मॅडम, होतं असं, टेन्शन घेऊ नका.” मला वाटलं, कप त्यांच्या डोक्यावर उपडा करावा.

दुसऱ्या दिवशी हेरंब उभा राहिला. करड्या रंगाचा कोट, फळ्यावर मोत्यासारखं अक्षर. सर पहिल्या रांगेत, काठीवर दोन्ही हात, हातांवर हनुवटी. एकदाही थांबवलं नाही त्यांनी. उलट मधूनमधून मान डोलवत होते. अध्यक्ष ते बघून आपलीही मान डोलवत होते. मी तिसऱ्या रांगेत बसून दातओठ खात होते आणि वाट पाहत होते.

तो मधल्या पायरीवर आला. फळ्यावर समीकरण लिहिलं. आणि म्हणाला, “आता उघड आहे की हे पद…”

“थांबा,” मी म्हटलं.

खडू फळ्यावरच थांबला. हेरंबनं वळून पाहिलं. माझा चेहरा पाहिला आणि त्याचा रंग उतरला.

“उघड कसं?” मी विचारलं.

तो बोलायला लागला, थांबला. फळ्याकडे वळला. एक ओळ लिहिली, पुसली. आणखी एक लिहिली. हॉलमध्ये पंख्याचा तेवढा आवाज. मला ही शांतता हवी होती, किती वर्षं हवी होती म्हणून सांगू! मी उठले, पुढं गेले, त्याच्या हातातून खडू घेतला आणि फळ्याच्या कोपऱ्यात माझं उदाहरण मांडलं. फार वेळ लागला नाही. मांडून झालं, खाली रेघ ओढली, आणि मागं सरकले.

हेरंब ते बघत राहिला. अगदी जवळ जाऊन बघत राहिला. मग सगळ्यांकडे तोंड करून म्हणाला, “राजेश्वरी बरोबर आहे. सिद्धता इथं तुटते. मी थांबतो.” आणि कोटाच्या बाहीनं कपाळ पुसलं. कपाळाला खडू लागला.

मी सरांकडे पाहिलं. आता तरी. आता तरी म्हणतील! त्यांची स्वतःची अटकळ होती ती, आणि माझ्या उदाहरणानं नुसती हेरंबची सिद्धता नव्हे, ती अटकळही जशीच्या तशी खरी नाही हे दाखवलं होतं. हे हॉलमध्ये आम्हा तिघांनाच कळलं होतं. सर काठीवर भार देऊन उठले. फळ्याजवळ आले. चष्मा वर करून माझं उदाहरण वरपासून खालपर्यंत वाचलं. पुन्हा वाचलं. एका ओळीपाशी बोट टेकवलं, ते उचललं. आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “तपासून बघ.”

आणि चहाला गेले.

*

मी मागच्या बाजूला, सायकल स्टँडजवळच्या पायऱ्यांवर जाऊन बसले. जिंकले होते आणि रडू येत होतं. थोड्या वेळानं हेरंब आला. कपाळाला खडू तसाच. त्यानं विचारलं नाही, बसू का म्हणून. बसलाच.

“कधी सापडलं तुला?”

“झाले बरेच दिवस.”

“आणि गप्प राहिलीस.”

“राहिले. आधी सांगितलं असतं तर ठिगळ लावून आला असतास, आणि खुर्चीत बसला असतास. पुन्हा वेळ आली तरी हेच करीन.”

“मीही हेच केलं असतं,” तो म्हणाला. मग म्हणाला, “सुंदर उदाहरण आहे.”

“सरांना नाही वाटलं.”

तो माझ्याकडे असा बघायला लागला की मला वाटलं, आता हा हसतोय की काय.

“राजेश्वरी, मला त्या रविवारीच कळलं होतं, ह्यात काहीतरी फाटलेलं आहे.”

“कशावरून?”

“सर ‘वा’ म्हणाले.”

“मग?”

“मग काय मग? सरांनी माझी पानं कधी वाचली गं? मला ‘वा’ म्हणणं त्यांना सोपं पडायचं. चांगल्या घरचा पोरगा, चुणचुणीत आहे, पुढं जाईल, खूश ठेवा. उलटली पानं, वा, वा, चला. तुझी पानं घेतली की खुर्ची ओढायचे. मी बाहेर उभा राहून बघायचो. पेन्सिल चाललीय, चाललीय. एकदा तुझं एक प्रकरण त्यांच्या टेबलावर पाहिलं मी. समास काळा झाला होता खुणांनी. माझ्या अख्ख्या प्रबंधात एक टिंब नव्हतं त्यांच्या हातचं.” मग एकदम म्हणाला, “जळायचो मी तुझ्यावर. शनिवारी सिनेमाला जायचो ना, तिकीट काढून आत बसायचो आणि डोक्यात हेच, की ही पोरगी अशी कोण लागून गेली की सर हिच्यावर अख्खी दुपार घालवतात!”

“थापा मारू नकोस.”

“जर्मनीत पहिल्याच वर्षी माझ्या प्रबंधातली चूक निघाली. भर सभेत. परका माणूस ती काढतो तेव्हा कसं वाटतं, तुला नाही कळणार. तुझ्या चुका सरांनी घरातच काढल्या.”

“म्हणून मला वाचायला सांगितलंस?”

“सगळ्यांनी कौतुक केलं होतं त्या पानांचं. वाचलं कुणी असेल असं वाटेना. म्हटलं, एकच बाई आहे, जी रागानं का होईना, एकही ओळ सोडणार नाही. फक्त वाटलं होतं, आधी घरी येऊन सांगशील.” आणि मग तो खरंच हसला. “तुला कधी माझा हेवा वाटला का गं?”

मी इतक्या जोरात हसले की सायकल स्टँडवरचा रखवालदार बघायला लागला.

हसले खरी, पण आतून चिडलेच. बघा ना, इतक्या वर्षांनी मी ह्याला चारचौघांत हरवलं, तर हरूनही ह्याचंच दुःख माझ्याहून मोठं! शिवाय त्याचं मी खरं मानलं नाही. हरलेला माणूस काहीतरी बोलणारच. ‘तपासून बघ’ ही काय हेवा करायची गोष्ट आहे? ज्याला ती दर शनिवारी गिळावी लागली नाही, त्यानंच असं म्हणावं.

*

अध्यासन मला मिळालं. हेरंबनं त्याच संध्याकाळी अर्ज मागं घेतला आणि तो बंगळूरच्या एका संस्थेत लागला. माझ्या दारावर पाटी लागली. अंबादासनी अख्ख्या बँकेत पेढे वाटले. पण पाटीखालून आत जाताना माझ्या कानात तेच दोन शब्द. मी ते उदाहरण सरांच्या सांगण्यावरून तपासलं. एकदा नाही, कितीदा. त्याच्यात चूक नव्हती. पण सर ज्या ओळीपाशी बोट टेकवून थांबले होते, तिथून ते आणखी पुढं नेता येत होतं. त्या एका उदाहरणातून अशा रिंगांचं, म्हणजे त्या घड्याळासारख्या संख्याव्यवस्थांचं, अख्खं कुटुंबच्या कुटुंब निघालं. ते लिहायला मला वर्ष लागलं.

त्याच वर्षात हेरंबनंही त्याची सिद्धता दुरुस्त केली. माझ्यासारखी उदाहरणं वगळणारी एक अट त्यानं सुरुवातीला घातली, की पुढचं सगळं सुरळीत. त्या अटीला त्यानं नाव दिलं, ‘यन्नम अट’. म्हणजे माझं आडनाव. प्रमेय आगाशेचं, अट यन्नमची.

“बरोबर आहे,” अंबादास म्हणाले. “लग्नातही अट तूच घातली होतीस, पीएच.डी. सोडणार नाही म्हणून.”

थंडीच्या दिवसांत सर आजारी पडले. हेरंब त्यांना भेटायला बंगळूरहून आला, तेव्हा मीही गेले. दोघांच्याही पिशवीत पानं. सर पडवीतच होते, पायांवर सोलापुरी चादर, मीच दिलेली. फार वाळले होते. काकूंनी आमच्या हातात चहा दिला आणि मला म्हणाल्या, “तुला साखर कमी ना गं?” मी हो म्हटलं.

“दे,” सर हेरंबला म्हणाले.

हेरंबनं पानं पुढं केली. सर ती उलटतील, वा म्हणतील, म्हणून मी चहाकडे बघायला लागले. पण सरांनी उशीखाली हात घातला. पेन्सिल काढली. हात थरथरत होता, पण पेन्सिल कागदावर टेकली की स्थिर व्हायची. एक पान. दुसरं पान. कपाळावर आठ्या. रेघ. समासात खूण. आमचा चहा गार झाला. काकू एकदा डोकावून गेल्या, “दमाल हो,” म्हणाल्या, सरांनी ऐकलंच नाही. शेवटी एका पानावर पेन्सिल टेकवून ते थांबले.

“इथं,” म्हणाले. “हे पटत नाही मला. तपासून बघ.”

हेरंबनं पानं घेतली. पन्नाशीला टेकलेला माणूस तो, टक्कल पडायला लागलेलं. मान खाली घालून त्या खुणेकडे बघत राहिला. “हो सर,” म्हणाला. नाक ओढलं त्यानं दोनदा.

माझ्या पोटात कळ आली. तीच, जुनी.

“आणि तुझं काय, राजेश्वरी?” सर म्हणाले.

मी माझी पानं दिली. वर्षभराचं काम. सरांनी ती हातात घेतली. पेन्सिल चादरीवर घरंगळली होती, ती मी उचलून त्यांच्यापुढं धरली. त्यांनी घेतली नाही. एक पान उलटलं, दुसरं उलटलं, मग चार-पाच एकदम. डोळे मिटायला आले होते त्यांचे. माझ्याकडे बघून हसले. असं तोंडभर हसलेले मी त्यांना माझ्यासाठी कधी पाहिले नव्हते.

“वा!” सर म्हणाले. “वा, राजेश्वरी, वा!”

मी हेरंबकडे पाहिलं. तो माझ्याकडे बघत नव्हता. त्याला बघवलं नसावं.

थकले होते म्हणून म्हणाले, की खरंच सगळं एका नजरेत दिसलं म्हणून म्हणाले, हे मला आजही माहीत नाही. विचारणार कुणाला? पंधरवड्यात सर गेले.

त्या दिवशी घरी आले तेव्हा अंबादास दारातच उभे होते.

“काय म्हणाले सर?”

“वा म्हणाले.”

“अगं मग!” त्यांनी टाळीच वाजवली. “जन्मभर ह्याच्यासाठीच जळत होतीस ना? तोंड का असं मग? थांब, गोड आणतो काहीतरी.”

“आणा,” मी म्हटलं. चपला काढल्या, टेबलाशी बसले, पिशवीतून पानं काढली, त्यांच्या कोऱ्या समासाकडे पाहिलं, आणि पेन्सिल घेऊन पहिल्या ओळीपासून तपासायला लागले.